कोडं नेमकं काय विचारतंय? प्रोग्रॅमिंगचा प्रश्न वाचायची आणि उत्तरं ताडून बघायची रीत

सांगलीत विश्रामबागेत रविवारी सकाळी कॉलेजची मुलंमुली जमतात, प्रोग्रॅमिंगचं एक कोडं घेतात आणि आपापलं उत्तर सगळ्यांसमोर मांडतात. कोडं काढणं आणि उत्तरं वाचणं हे माझं काम. "माझा प्रोग्रॅम जास्त चांगला" असा वाद रंगला की मी आधी एवढंच विचारतो, की दोघांनी सोडवलेला प्रश्न एकच आहे का? बहुतेक वेळा तो एक नसतो. एकानं ‘वाढणं’ म्हणजे काटेकोर वाढ धरलेली असते, दुसऱ्यानं ‘कमी न होणं’. मग कुणाचा प्रोग्रॅम वेगवान आणि कुणाचा आटोपशीर, या चर्चेला काही अर्थच उरत नाही. म्हणून या लेखात निम्म्याहून जास्त जागा प्रश्न वाचण्याला दिली आहे. तुलना त्यानंतर येते आणि तेव्हा ती बरीच सोपी झालेली असते.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एकच कोडं शेवटपर्यंत सोबत ठेवू. कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ सालचा. पावसाळ्यात अख्खी सांगली तिथल्या पातळीकडे डोळे लावून बसते. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोका पातळी आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं होतं. कोडं असं:

"पुलापाशी दर तासाला घेतलेल्या पाण्याच्या पातळीच्या एन नोंदी दिल्या आहेत. प्रत्येक नोंद फूट आणि इंच अशा दोन पूर्णांकांत आहे. पातळी सर्वांत जास्त काळ सलग वाढत राहिली तो टप्पा शोधा आणि त्याच्या पहिल्या व शेवटच्या नोंदीचा क्रमांक छापा. एन जास्तीत जास्त २,००,०००. वेळेची मर्यादा १ सेकंद."

नमुना इनपुट:

८
३८ ४
३८ ९
३९ २
३९ २
३९ ७
४० १
४० ६
४० ३

नमुना आउटपुट:

४ ७

कीबोर्ड बाजूला ठेवून प्रश्न वहीत उतरवा

प्रश्न आपल्या शब्दांत पुन्हा लिहायचा, पण त्यातली गोष्ट काढून टाकायची. पूल, पूर, कृष्णा हे सगळं वगळलं की उरतं ते असं: संख्यांची एक यादी दिली आहे, तिच्यातला शेजारीशेजारी असलेला असा सर्वांत लांब तुकडा हवा, ज्यात प्रत्येक संख्या आधीच्या संख्येपेक्षा मोठी आहे, उत्तर म्हणून त्या तुकड्याची दोन टोकं छापायची.

हे लिहिताना एकेका शब्दावर बोट ठेवा. ‘सलग’ हा शब्द सुटला तर प्रश्नच पालटतो. मधल्या नोंदी गाळायला परवानगी आहे असं धरलं तर वरच्या नमुन्यात ३८ फूट ४ इंचांपासून ४० फूट ६ इंचांपर्यंत सहा नोंदींची चढती माळ निघते, कारण दोन सारख्यांतली एक वगळता येते. तोही एक प्रसिद्ध प्रश्न आहे, त्याची स्वतःची सुंदर रीत आहे, पण इथं तो विचारलेला नाही. ‘सर्वांत जास्त काळ’ हे शब्दही तसेच. घाईत वाचणारा ‘सर्वांत जास्त वाढ’ असं वाचतो आणि किती इंच पाणी चढलं ते मोजत बसतो. नमुन्यात चौथ्या ते सातव्या नोंदीत पाणी १६ इंच चढलंय आणि पहिल्या ते तिसऱ्या नोंदीत १०. म्हणजे चुकीचं वाचलं तरी उत्तर ‘४ ७’ हेच येतं. नमुना जुळला की प्रश्न समजला असं धरून चालणं किती धोक्याचं आहे, ते इथं दिसतं.

नमुन्याची उलटतपासणी

नमुना ही तपासणीची शेवटची पायरी आहे, अशी अनेकांची समजूत असते. मी तो साक्षीदारासारखा वापरायला सांगतो. प्रश्नाचे जितके अर्थ लागू शकतात तितके मांडायचे, प्रत्येक अर्थानं नमुन्याचं उत्तर हातानं काढायचं आणि कोणता अर्थ टिकतो ते बघायचं.

तिसरी आणि चौथी नोंद सारखी आहे, ३९ फूट २ इंच. पातळी आहे तिथंच राहिली तरी टप्पा चालू राहतो असं धरलं तर उत्तर ‘१ ७’ आलं असतं. आउटपुट ‘४ ७’ आहे, म्हणजे वाढ काटेकोर हवी. हा मुद्दा निकालात निघाला. क्रमांक शून्यापासून मोजायचे असते तर ‘३ ६’ आलं असतं, तेव्हा मोजणी एकापासून. टप्प्याची शेवटची नोंदही त्यात धरूनच छापलेली आहे, हेही कळलं, नाहीतर दुसरा आकडा ८ असता.

याच कोड्यात क्रमांकांऐवजी "किती तास?" असं विचारलं असतं तर आणखी एक फाटा फुटला असता. चौथ्या ते सातव्या नोंदीपर्यंत नोंदी चार, पण तास तीनच. तासगावच्या द्राक्षबागेत एका ओळीत दहा खांब असले तर मधले गाळे नऊच भरतात, तसं. खांब मोजायचे की गाळे, हा प्रश्न कोड्यात जिथं जिथं अंतर, कालावधी किंवा पानांची संख्या येते तिथं स्वतःला विचारायचा.

नमुना जिथं गप्प बसतो

आता उरलेल्या शंकांची यादी करा. सारख्याच लांबीचे दोन टप्पे असतील तर कोणता छापायचा? पाणी उतरतच असेल, एकही वाढ नसेल तर काय छापायचं? एन एकच असेल तर? इंचाचा आकडा १२ किंवा जास्त असू शकतो का?

मिरजेहून येणारी एक विद्यार्थिनी या बाबतीत फार नेमकं विचारते. "सर, तीनच नोंदी आहेत, ४१-०, ४०-६, ४०-०. उत्तर ‘१ १’ चालेल का, की शून्य छापायचं?" शंका अशीच विचारावी. "जरा समजावून सांगा" म्हटलं की समोरचा कोडंच पुन्हा वाचून दाखवतो. एक छोटं इनपुट आणि त्याची दोन संभाव्य उत्तरं पुढं ठेवली की त्याला त्यांतलं एक निवडावंच लागतं. बऱ्याचदा कोडं काढणाऱ्यानं त्या शक्यतेचा विचारच केलेला नसतो, आणि तुमच्या शंकेमुळं कोडं सुधारतं.

विचारायला कुणीच नसेल तर? मग स्वतः ठरवा आणि ठरवलेलं प्रोग्रॅमच्या वर एका ओळीत लिहून ठेवा: "लांबी सारखी असल्यास पहिला टप्पा, वाढ नसल्यास ‘१ १’." ही ओळ मी सगळ्यांना सक्तीची केली आहे. कारण कोडं जिथं गप्प असतं तिथं प्रोग्रॅम गप्प बसत नाही, तो परस्पर काहीतरी ठरवून मोकळा होतो. हे बघा:

सुरुवात = १
उत्तम = (१, १)
क = २ ते एन:
  जर पातळी[क] <= पातळी[क−१] तर सुरुवात = क
  जर (क − सुरुवात) > (उत्तमची लांबी) तर उत्तम = (सुरुवात, क)
उत्तम छापा

इथं ‘लांबी’ म्हणजे शेवटचा क्रमांक वजा पहिला. शेवटच्या अटीत ‘>’ आहे, म्हणून बरोबरी झाली तर पहिला टप्पा टिकतो. तिथं ‘>=’ केलं तर शेवटचा टप्पा निवडला जातो. शिवाय पाणी सतत उतरत असेल तर ‘१ १’ ऐवजी ‘एन एन’ छापलं जातं. एका चिन्हानं दोन निर्णय फिरले आणि नमुन्याचं उत्तर मात्र दोन्ही वेळा ‘४ ७’च. असे दोन प्रोग्रॅम शेजारी ठेवून कोण बरोबर म्हणून भांडण्यात काय हशील? कोड्यानं ठरवलेलंच नसेल तर दोन्ही बरोबर.

फूट-इंचाचा सापळा

या कोड्यातली माझ्या मते सर्वांत शिकवून जाणारी जागा ही आहे. पातळीचे दोन आकडे आले की हात आपसूक दशांश चिन्हाकडे जातो. ३९ फूट २ इंच म्हणजे ३९.२, असं करून अनेक जण पुढं निघतात. नमुना पास होतो, कारण नमुन्यातले सगळे इंच एकअंकी आहेत.

आता हे इनपुट घ्या: ३९-९, ३९-१०, ३९-११, ४०-०. पाणी दर तासाला एकेक इंच चढतंय, उत्तर ‘१ ४’ यायला हवं. दशांशात मात्र ते ३९.९, ३९.१०, ३९.११, ४०.० असं दिसतं. ३९.१० म्हणजे ३९.१, आणि ते ३९.९ पेक्षा लहान! प्रोग्रॅमच्या दृष्टीनं पाणी उतरलं, आणि उत्तर आलं ‘२ ४’. शिवाय ३९ फूट १ इंच आणि ३९ फूट १० इंच त्याच्या लेखी एकच.

उपाय अगदी साधा: फूट गुणिले १२ अधिक इंच. ३९-२ म्हणजे ४७०, ३९-११ म्हणजे ४७९. सगळं पूर्णांकांत, तुलना बिनधोक. इनपुट हाती आलं की त्याला एकाच एककात आणायचं आणि मगच पुढचा विचार करायचा. तास-मिनिटं, रुपये-पैसे, क्विंटल-किलो, सगळीकडे हेच. हळदीच्या सौद्याचं कोडं असेल आणि वजन क्विंटल-किलोत दिलं असेल तर आधी सगळं किलोत आणा.

मर्यादा काय सुचवतात

एन २,००,००० पर्यंत. तासाला एक नोंद धरली तर जवळपास २३ वर्षांच्या नोंदी. ही ओळ फक्त ॲरेचा आकार ठरवायला दिलेली नसते, कोणत्या जातीचं उत्तर चालेल तेही ती सुचवते. प्रत्येक सुरुवातीसाठी पुढची प्रत्येक नोंद तपासायची म्हटलं तर जोड्या होतात सुमारे २,००० कोटी. सी++ मध्ये लिहिलेला प्रोग्रॅम एका सेकंदात साधारण १० कोटी साध्या क्रिया करतो, असा ठोकताळा स्पर्धांमध्ये वापरतात. त्या हिशेबानं ही रीत मिनिटांत मोजावी लागेल, पायथॉनमध्ये त्याहून कितीतरी जास्त. म्हणजे एकदाच यादीवरून जाणारी रीत हवी.

उलट मर्यादा ५०० असती तर जोड्या सव्वा लाखांच्या आसपास. तिथं हुशारी दाखवायची गरज नाही. सरळ, हळू, पण डोळ्यांना पटणारं उत्तर लिहावं आणि मोकळं व्हावं. मर्यादा लहान असताना गुंतागुंतीची रीत वापरणाऱ्याला मी शाबासकी देत नाही.

मर्यादेकडे आणखी एका कारणासाठी बघायचं. कोडं थोडं बदलून "एकूण किती वाढते टप्पे आहेत? किमान दोन नोंदींचे, लहानमोठे सगळे मोजा" असं विचारलं आणि पाणी सतत चढतंच असेल, तर उत्तर येतं १९,९९,९९,००,०००. ३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मावतात. प्रोग्रॅम थांबणार नाही, तक्रार करणार नाही, फक्त भलताच आकडा छापेल. सर्वांत मोठं उत्तर केवढं येऊ शकतं, तो हिशेब कोड लिहिण्याआधीच वहीत करून ठेवा. पायथॉनवाल्यांना ही चिंता नाही, तिथं पूर्णांक हवा तेवढा वाढतो.

मराठीत लिहिलेलं कोडं, मराठी मजकुराचं कोडं

मराठी प्रश्नात काही शब्दांपाशी थांबायलाच हवं. पातळीनं ४० फूट ‘गाठली’ की ‘ओलांडली’? गाठली म्हणजे बरोबर ४० सुद्धा चालतात, ओलांडली म्हणजे ४० च्या वर. ‘१० पर्यंत’ मध्ये १० येतो, ‘१० च्या आत’ मध्ये सहसा येत नाही. ‘दरम्यान’ तर दोन्ही बाजूंनी निसरडा आहे, टोकं धरायची की नाही हे तो सांगतच नाही. असा शब्द दिसला की बरोबर त्या सीमेवरचं एक उदाहरण काढून विचारावं.

खरी गंमत मजकुराच्या कोड्यांत आहे. "दिलेलं नाव उलटं छापा" हे कोडं इंग्रजी पुस्तकातून उचलून ‘सातारा’ला लावा. माणसाला तीन अक्षरं दिसतात: सा, ता, रा. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, मात्र सहा खुणा आहेत, स, काना, त, काना, र, काना. यूटीएफ-८ या खुणा साठवण्याच्या रीतीत देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण १८ बाइट. अक्षरं उलटी केली तर ‘रातासा’. खुणा उलट्या केल्या तर शब्द एका लोंबत्या कान्यानं सुरू होतो आणि बाकीचे काने भलत्याच अक्षरांना चिकटतात. बाइट उलटे केले तर वाचताच येणार नाही असा कचरा. कोड्यात ‘उलटं’ एवढंच म्हटलं असेल, तर तिघंही म्हणू शकतात की आम्ही सांगितलं तेच केलं.

उलटसुलट सारख्या शब्दांचं कोडं घ्या. ‘कडक’ कसाही तपासा, बसतो. ‘नवीन’ अक्षरांनी तपासला तर बसतो, न-वी-न. खुणांनी तपासला तर बसत नाही, कारण वेलांटी ‘व’ च्या नंतरची खूण आहे आणि उलटताना ती पहिल्या ‘न’ ला जाऊन मिळते. दोन विद्यार्थ्यांची उत्तरं इथं वेगळी आली, तर दोघांचे लूप तपासत बसू नका. प्रश्न दोन आहेत.

जोडाक्षरं आली की अजून एक पदर निघतो. ‘कृष्णा’ आपल्यासाठी दोन अक्षरं. पण ‘वाचकाला दिसणारं अक्षर’ कसं तोडायचं याचा युनिकोडचा ठरलेला नियम २०२३ च्या १५.१ आवृत्तीत बदलला. आधीच्या नियमानं हलन्त ‘ष्’ आणि ‘णा’ वेगळे पडून तीन तुकडे व्हायचे, नव्या नियमानं दोन होतात. म्हणून दोघांच्या लायब्ररीच्या आवृत्त्या वेगळ्या असतील, तर एकच कोड दोन उत्तरं देऊ शकतो. तुलना करताना भाषेची आणि लायब्ररीची आवृत्ती लिहा, असं मी म्हणतो ते यासाठी.

आणि सातारा जिल्ह्यातलंच ‘कऱ्हाड’. यातला ‘ऱ’ एका खुणेनं लिहिता येतो, किंवा ‘र’ आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) अशा दोन खुणांनी. काही कीबोर्ड तर साध्या ‘र्’ नंतर एक अदृश्य जोडखूण टाकून तो आकार आणतात. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, प्रोग्रॅमला मात्र ते तीन वेगळे शब्द वाटतात. नॉर्मलायझेशन केलं, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एका ठरावीक रूपात आणली, तर पहिले दोन एक होतात, तिसरा तरीही वेगळाच राहतो. गावांच्या याद्या जुळवण्याचं कोडं असेल, तर हे नाव टेस्ट केसमध्ये हमखास घालावं.

आता उत्तरं शेजारी ठेवू

पुराच्या कोड्याला साधारण पाच तऱ्हेची उत्तरं येतात.

पहिली: प्रत्येक सुरुवात, प्रत्येक शेवट, आणि मधला सगळा तुकडा चढता आहे का ते तपासायचं. अतिशय हळू, पण कोड्याच्या वाक्याचं शब्दशः रूप. हिला फेकून देऊ नका, पुढं हिचं मोठं काम आहे.

दुसरी: प्रत्येक सुरुवातीपासून वाढ तुटेपर्यंत चालत जायचं. नोंदी वरखाली होत असतील तर ही भराभर धावते, आणि म्हणून फसवते. पूर चढताना पातळी तासन्‌तास वाढतच राहते. इनपुटभर पाणी चढतंच असेल, तर ही रीत पुन्हा त्या २,००० कोटींवर पोचते. पण एक छोटी सुधारणा हिला तारते. वाढ जिथं तुटली तिथूनच पुढची सुरुवात धरायची. मधल्या कुठल्याही नोंदीपासून निघालेला टप्पा त्याच ठिकाणी तुटणार, म्हणजे तो लहानच असणार. हे एक वाक्य पटलं की सुधारणा बिनधास्त करता येते. तुलनेच्या वेळी हे वाक्य प्रत्येकानं स्वतःच्या तोंडानं म्हणून दाखवावं, असा माझा आग्रह असतो.

तिसरी: वर दिलेली, एका फेरीतली. मेमरीतली जागा नगण्य, वेळ एनच्या प्रमाणात. हिच्या काही आवृत्त्यांत उत्तम टप्पा फक्त वाढ तुटल्यावर नोंदवतात. मग शेवटच्या नोंदीपर्यंत चढत गेलेला टप्पा हिशेबातून गळतो. सगळं चढतं इनपुट देऊन बघितलं की हे लगेच उघडं पडतं.

चौथी: आधी शेजारच्या नोंदींची तुलना करून ‘वाढली’ किंवा ‘नाही वाढली’ अशी नवी यादी करायची, मग त्यात ‘वाढली’ची सर्वांत लांब रांग शोधायची. दोन फेऱ्या, जादा यादी, तरी वाचायला मला ही सर्वांत आवडते. दोन कामं दोन ठिकाणी आहेत, आणि चूक झाली तर नेमकी कुठल्या कामात झाली ते कळतं.

पाचवी: त्याच यादीची अक्षरमाळ (स्ट्रिंग) करायची, ‘नाही वाढली’च्या जागी तोडायची आणि सर्वांत लांब तुकड्याची लांबी घ्यायची. दोन ओळींत संपते, बघणारे खूश होतात. पण ती लांबी देते, टप्पा कुठं आहे ते देत नाही. कोड्यानं क्रमांक मागितले आहेत. तिला क्रमांक द्यायला लावलं की तिचा आटोपशीरपणा बराचसा संपतो. लांबीची स्पर्धा लावायची असेल तर सगळ्या उत्तरांनी मागितलेलं सगळं दिल्यानंतरच ओळी मोजाव्यात. मोजायचं काय, खुणा की बाइट, हेही आधी ठरवावं, कारण चलांची नावं देवनागरीत असतील तर प्रत्येक खूण तीन बाइट खाते.

सलगपणा सोडून चढती माळ शोधणारं उत्तर मी या रांगेत धरलेलंच नाही. ते कितीही देखणं असलं तरी दुसऱ्या प्रश्नाचं आहे.

हळू उत्तराला पंच करा

इथं पहिलं उत्तर कामाला येतं. एक छोटा प्रोग्रॅम लिहा जो यादृच्छिक (रँडम) इनपुट तयार करेल, हळू आणि जलद दोन्ही उत्तरांना देईल आणि आउटपुट वेगळं आलं की थांबून ते इनपुट छापेल.

यात आकडे लहान ठेवणं सर्वांत महत्त्वाचं. एन १ ते ८, आणि पातळी ३९ फूट ९ इंच ते ४० फूट २ इंच एवढ्याच टापूत. टापू मोठा ठेवला तर शेजारी सारख्या नोंदी जवळजवळ येणारच नाहीत आणि ‘<’ की ‘<=’ ही चूक झाकलेलीच राहील. हा टापू मी मुद्दाम असा निवडलाय, की १० आणि ११ इंच त्यात येतात आणि फुटाचा आकडाही मध्येच बदलतो. लहान इनपुटचा दुसरा फायदा म्हणजे फरक सापडला की पाच-सहा नोंदी हातानं तपासता येतात.

फरक सापडला की लगेच जलद उत्तराला दोष देऊ नका. आधी प्रोग्रॅमच्या वरची ती सक्तीची ओळ वाचा. बरोबरीचा टप्पा दोघांनी वेगळा निवडला असेल आणि कोड्यानं ते मोकळं सोडलं असेल, तर आउटपुट जुळवणंच चुकीचं आहे. अशा वेळी दिलेला टप्पा खरंच चढता आहे का आणि त्याची लांबी पंचाच्या लांबीएवढी आहे का, एवढंच तपासावं.

वेळ मोजताना

इनपुट वाचण्याचा वेळ वेगळा मोजा. दोन लाख ओळी वाचायला लागणारा वेळ बऱ्याचदा खऱ्या कामापेक्षा जास्त असतो, आणि मग दोन उत्तरांमधला फरक त्यात बुडून जातो. लॅपटॉप चार्जरला लावलेला असू द्या, बॅटरी वाचवण्याच्या मोडमध्ये आकडे भलतेच येतात. जावामध्ये पहिल्या काही फेऱ्या सोडून द्या, तिथं कोड चालता चालता वेगवान होत जातो, त्याला ‘गरम’ व्हायला वेळ लागतो. प्रत्येक मोजणी अनेकदा करा आणि मधला आकडा घ्या.

एकाच एनवरचा आकडा फारसं काही सांगत नाही. एन दुप्पट करत जा. वेळही दुप्पट होत असेल तर रीत एनच्या प्रमाणात आहे, चौपट होत असेल तर वर्गाच्या. आणि हे तीन तऱ्हेच्या इनपुटवर करा: सगळं चढतं, सगळं उतरतं आणि यादृच्छिक. सुधारणा न केलेली दुसरी रीत यादृच्छिक इनपुटवर तिसरीच्या बरोबरीनं पळताना दिसेल आणि चढत्या इनपुटवर कोसळेल. तिघांपैकी कोणता आकडा धरायचा, ते कोड्याच्या मर्यादेवरून ठरतं. ‘कोणतंही इनपुट’ म्हटलं असेल तर सर्वांत वाईट तोच धरायचा.

वेळ आणि जागा जवळपास सारखी असलेली उत्तरं उरली, की मी एक प्रयोग करायला लावतो. कोडं जरा बदलायचं: ‘वाढत राहिली’ ऐवजी ‘कमी झाली नाही’. ज्यानं तो कोड लिहिलेला नाही त्यानं बदल कुठं करायचा ते बोटानं दाखवायचं. तिसऱ्या रीतीत ‘<=’ चं ‘<’ होतं, चौथीत पहिल्या फेरीतलं एक चिन्ह बदलतं. मग दुसरा बदल: मध्येच एखाद्या तासाची नोंद नसेल तर टप्पा तुटला असं धरा. चौथ्या रीतीत हाही बदल त्याच ठिकाणी होतो, ‘वाढली’ ठरवण्याच्या ओळीत. पहिल्या रीतीत तुकडा तपासणाऱ्या आतल्या लूपपर्यंत जावं लागतं. दाखवणाऱ्याला जिथं जास्त वेळ लागला, त्या उत्तरापुढं तसं लिहून ठेवा, वेळेच्या आकड्यांच्या शेजारीच.